बारापर्यंत तारे टोकदार, नंतर पिठूळ: फोकस बिघडला की दव जमलं?

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. रात्री साडेदहाला काढलेल्या फोटोत मृगाच्या पोटातला बाण, म्हणजे ते ओळीतले तीन तारे, सुईच्या टोकासारखे आलेले असतात. सव्वाबाराला तेच जरा मऊ दिसतात. दीडला पाहावं तर व्याधाभोवती लोकरीचा गुंडा झालेला, कृत्तिकांचा पुंजका नुसता डाग, बारीक तारे निम्मे गायब आणि आकाशाचा काळा रंग उतरून राखाडी. मधल्या वेळात कॅमेऱ्याला कोणी हात लावलेला नाही, सेटिंग तेच, ट्रायपॉड तिथेच. आणि हे एकदा नाही, दर ट्रिपला.

माझं हे सलग तीन हिवाळी ट्रिपांत झालं. पहिल्या वेळी भंडारदऱ्याला पाण्याच्या अगदी काठावर तंबू टाकले होते. मी ठरवून टाकलं की फोकसची रिंग सरकली. दुसऱ्या वेळी रिंगला टेप लावला, तरी तेच. मग लेन्सच वाईट म्हणून मित्राची उसनी आणली, तिनेही साडेबाराच्या सुमाराला मान टाकली. उसनी लेन्स खराब निघाली असं मित्राला सांगणार होतो. नशिबाने सांगितलं नाही.

तिसऱ्या वेळी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईकडे, एका मामांच्या अंगणात मुक्काम होता. कार्तिक अमावास्येच्या आसपासची रात्र, हवा पूर्ण पडलेली, आकाश असं की खाली बघवत नव्हतं. एक वाजता मी लेन्सवर फुंकर मारतोय, शर्टाच्या टोकाने पुसतोय, पुन्हा फुंकर मारतोय. मामा बाहेर आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अहो दादा, दव पडतंय. मोकळ्यावर ठेवल्यावर भिजणारच की. तुमच्या गाडीचं सीट बघा." आमच्या दोन मोटारसायकली होत्या. एक अंगणात मधोमध, दुसरी आंब्याखाली. अंगणातलीच्या सीटवरून बोट फिरवलं तर पाणी ओघळलं. आंब्याखालचं सीट कोरडं ठणठणीत. दोन्ही गाड्यांत दहा पावलांचं अंतर.

मग टॉर्च लेन्सवर समोरून न मारता बाजूने, काचेला जवळजवळ चिकटवून आडवा मारला. समोरून बघताना काच स्वच्छ वाटत होती. आडव्या उजेडात तिच्यावर पिठाची चाळण झटकल्यासारखे अतिबारीक थेंब दिसले. दोन वर्षं ज्याला फोकस फोकस म्हणत होतो ते हे.

तर पहिलं काम, सेटिंगला हात लावायच्या आधी: काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पूर्ण मोठा करा आणि एका ठळक ताऱ्याचा आकार बघा. दोषी कोण ते तारा स्वतः सांगतो.

तारा गोल, कडा स्पष्ट, छोट्या बांगडीसारखी किंवा चकतीसारखी दिसत असेल तर फोकस गेलेला आहे. तारा मधे ठीक पण भोवती धुरकट वलय, आणि ठळक ताऱ्यांना वलय मोठं, बारीक तारे दिसतच नाहीत, तर ते दव. फोकस गेल्यावर आकाशाचा काळा रंग सहसा तसाच राहतो. दवाने तो राखाडी होतो, कारण ताऱ्यांचा आणि लांबच्या गावांचा उजेड थेंबांवर पसरून सगळ्या फोटोभर सांडतो. सगळे तारे छोट्या रेघा झाले असतील आणि ध्रुवाकडच्या रेघा आखूड, मृगाकडच्या लांब असतील तर पृथ्वी फिरली, तुम्ही शटर जास्त वेळ उघडं ठेवलंत. प्रत्येक ताऱ्याला एकसारखीच वाकडी शेपटी आणि समोरच्या झाडालाही तीच, तर ट्रायपॉड हलला. आणि फक्त कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटले असतील, मधले नीट असतील, तर तो लेन्सचा स्वभाव आहे. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एक-दोन पायऱ्या बंद करा, त्याहून जास्त त्याच्या मागे लागू नका.

रेघांचं थोडं जास्त सांगतो, कारण इथे एक नियम डोळे मिटून वापरला जातो. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं आणि येईल तितके सेकंद शटर उघडं ठेवायचं. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर मिलिमीटरला आधी दीडने गुणायचं. म्हणजे किटसोबत येणाऱ्या लेन्सवर १८ मिलिमीटरला २७ धरून साधारण १८ सेकंद. आता आकाश किती सरकतं ते बघू: सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग). २४ मेगापिक्सेलच्या तशा सेन्सरवर १८ मिलिमीटरला एका पिक्सेलमध्ये सुमारे ४५ विकला मावतात. म्हणजे दर तीन सेकंदांना तारा एक पिक्सेल सरकला, १८ सेकंदांत सहा पिक्सेल. मोबाइलवर पाठवायला चालेल, मोठी प्रिंट काढलीत की रेघ दिसते. मी ५०० ऐवजी ३०० धरतो, म्हणजे ११ सेकंद, आणि कमी पडलेला उजेड आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवून भरून काढतो. उत्तरेला तोंड करून काढत असाल तर थोडी चैन करता येते. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून अक्षांशाइतकाच वर असतो, पुण्यात साडेअठरा अंश, नाशकात वीस, आणि त्याच्या आसपासचे तारे जेमतेम हलतात. मृग मात्र खगोलीय विषुववृत्तावरच बसलेला आहे, तिथे सगळ्यात जास्त पळापळ.

ट्रायपॉडला मधली दांडी वर काढू नका, पाय गवतावर नको, कातळावर टेकवा, कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा कारण वाऱ्यावर तोच फडफडतो, आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. लेन्समधलं स्थिरीकरण बंद. एवढं केलं की तो विषय संपला.

फोकसचंही एकदाच सांगतो. ऑटोफोकस बंद. रिंगवर अनंताची खूण असते, तिच्यावर विश्वास ठेवू नका, बऱ्याच लेन्स त्या खुणेच्या अलीकडे-पलीकडे खऱ्या अनंतावर येतात. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं थेट चित्र, चालू करा, दहापट मोठं करा, व्याधासारखा ठळक तारा मधे घ्या आणि तो सगळ्यात लहान होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवा. एप्रिल-मेच्या पहाटे व्याध नसतो, तेव्हा अभिजित किंवा ज्येष्ठा चालते. मग रिंगला कागदी टेप लावा. साध्या पारदर्शक टेपचा गोंद लेन्सला धरतो.

आता मूळ दुखणं.

आपण दव 'पडतं' म्हणतो, पण ते वरून येत नाही. हवेतली वाफ गार वस्तूवर जागच्या जागी जमते. गार पाण्याने भरलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटल्यासारखं वाटतं, पण तांब्याला माठासारखी छिद्रं नसतात, ते पाणी हवेतलंच. प्रश्न इतकाच की लेन्सची काच भोवतीच्या हवेपेक्षा गार का होते? कारण तिचं तोंड मोकळ्या आकाशाकडे आहे. प्रत्येक वस्तू आपली उष्णता बाहेर टाकत असते आणि समोरची वस्तू आपली उष्णता परत टाकत असते. समोर आंब्याची पानं असतील तर देवाणघेवाण जवळजवळ बरोबरीची. समोर निरभ्र आकाश असेल तर देणं भरपूर आणि घेणं फारच कमी. काच हवेपेक्षा दोन-चार अंशांनी खाली उतरते, आणि हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, त्या दोन-चार अंशांतच असेल तर काच ओली. मामांच्या अंगणातल्या आमच्या दोन मोटारसायकलींचं गणित हेच होतं.

यातून एक चिडवणारी गोष्ट निघते: आकाश जितकं स्वच्छ आणि वारा जितका कमी, म्हणजे ज्या रात्रीसाठी आपण महिनाभर कॅलेंडरमधली अमावास्या धरून बसतो, तीच रात्र दवाची. ढगाळ रात्री दव कमी, पण तेव्हा काढणार काय!

सह्याद्रीत हा त्रास मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी. पाऊस नुकताच गेलेला, जमीन ओली, भातखाचरं अजून दमट, रात्री थंड. एप्रिल-मेमध्ये, आकाशगंगेचा गाभा बघायच्या खऱ्या दिवसांत, घाटमाथ्याच्या पूर्वेला हवा इतकी कोरडी असते की लेन्स बहुतेक रात्री पहाटेपर्यंत कोरडी राहते. लडाखची कोरडी हवा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तर हा लेख कशासाठी लिहिलाय हेच कळणार नाही.

निघायच्या आधी हवामानाच्या अ‍ॅपमध्ये तापमानाबरोबर दवबिंदूचा आकडा बघा. मध्यरात्रीचं तापमान १३ आणि दवबिंदू ११ असेल तर लेन्स भिजणार हे धरूनच चला. दोन्हींत सहा-सात अंशांचं अंतर असेल तर बरीच रात्र निर्धास्त जाते. बघायचं ते मध्यरात्रीचं आणि पहाटेचं अंतर, संध्याकाळचं नव्हे. संध्याकाळी सगळंच कोरडं असतं.

मग जागा. पाण्याचा काठ फोटोला सुंदर आणि लेन्सला वाईट. थंड हवा जड असते, ती उतारावरून वाहत खोलगटात साठते, त्यामुळे दरीच्या तळाला किंवा खाचरात कॅमेरा लावला तर दुहेरी मार. तिथून तीस-चाळीस मीटर वर, एखाद्या सोंडेवर, जिथे थोडी झुळूक लागते तिथे गेलं तरी फरक पडतो. झुळुकीने काच हवेच्या तापमानाला येते. ट्रायपॉड हलण्याची भीती वाढते हे खरं, पण त्याला बॅग टांगता येते, दवाला काही टांगता येत नाही. कोकणकड्यासारख्या धारेवर मात्र वेगळीच भानगड असते. खालून चढलेली दमट हवा कधीकधी दहा मिनिटांत धुकं होऊन अंगावर येते. त्या धुक्यापुढे कुठलंच साधन चालत नाही. झोपून घ्यावं.

लेन्सचा हूड लावा, दिवसा उन्हासाठी असतो तोच. त्याने काचेला दिसणाऱ्या आकाशाचा तुकडा लहान होतो. म्हणजे तुमच्या लेन्ससाठी ते आंब्याचं झाड आहे, फक्त फारच लहान. लहान का, तर वाइड लेन्सला भरपूर आकाश दिसलंच पाहिजे, त्यामुळे तिचा हूड आखूड, पाकळ्यांचा. ५० मिलिमीटरच्या लेन्सचा हूड खोल असतो आणि तिला दव उशिरा धरतं. आपण आकाशगंगेसाठी नेमकी वाइड वापरतो. हूडने तास-दीड तास उशीर होतो, सुटका होत नाही. दोन फोटोंच्या मधे काही करत नसाल तर कॅमेऱ्याचं तोंड खाली करा किंवा झाकण लावून वर मफलर टाका. फुकटचा उपाय आहे आणि आळसामुळे कोणी करत नाही. मीही नाही.

खरी सुटका एकच: काच दवबिंदूच्या वर दोन-तीन अंश ठेवणं. त्यासाठी ड्यू हीटरची पट्टी मिळते, लेन्सभोवती गुंडाळायची, वेल्क्रोने बंद होते आणि पॉवर बँकेवर चालते. पट्टी पुढच्या काचेच्या जितकी जवळ तितकी बरी, हूडच्या लगेच मागे, पण फोकसच्या रिंगवर येऊ देऊ नका. काच तापवायची नाहीये, गार होऊ द्यायची नाहीये, त्यामुळे पट्टीला तीन पायऱ्या असतील तर मधली पुरते.

क्रम महत्त्वाचा, आणि इथे मी एक पूर्ण रात्र घालवली आहे. आधी पट्टी बांधा, चालू करा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मग फोकस. मी उलटं केलं होतं. छान फोकस केला, टेप लावला, अकरा वाजता पट्टी बांधली. बांधताना रिंगला एक धक्का लागला आणि वर काच कोमट झाल्यावर फोकस आणखी थोडा हलला. सकाळी दोनशे फोटो, सगळे बांगड्यांचे. दवाचा एकही नाही, हे समाधान.

आणि पट्टी दव जमायच्या आधी चालू करा. दहा वाजता काच कोरडी दिसतेय म्हणून बॅटरी वाचवत बसू नका. कोरडी काच कोरडी ठेवायला फारच थोडी उष्णता लागते, जमलेलं पाणी उडवायला कितीतरी जास्त.

बॅटरीचा हिशोब: १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे आतल्या ३.७ व्होल्टने ३७ वॅट-अवर. ५ व्होल्टवर देताना काही वाया जातं, हातात तीसच्या आसपास पडतात. पट्टी ५ वॅटची असेल तर सहा तास. रात्री दहाला चालू केलीत तर पहाटे चारपर्यंत. त्याच पॉवर बँकेला तंबूतल्या कोणी मोबाइल लावला तर दोनलाच संपते, म्हणून ती वेगळी, लपवून ठेवलेली बरी. काही पॉवर बँका कमी करंट गेला की आपणहून बंद पडतात. पट्टी सगळ्यात खालच्या पायरीवर असताना असं होऊ शकतं, हे घरीच एकदा तासभर लावून बघा.

पट्टी नसेल तर गिर्यारोहक हात शेकायला वापरतात त्या पुड्या, हँड वॉर्मर. त्यात लोखंडाचा भुगा असतो, हवा लागली की हळूहळू गंजत तापतो. दोन पुड्या जुन्या पायमोज्यात घालून लेन्सभोवती रबराने बांधायच्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, हवा मिळाली नाही तर त्या गार पडतात. मोजा धुतलेला असावा हे सांगायची गरज नव्हती, पण आमच्या ग्रुपमध्ये पडली होती.

आता समजा उशीर झाला, काच भिजलीच. पुसू नका. थेंब पुसले की पातळ थर पसरतो, फडक्याचे तंतू चिकटतात आणि काच अजून गारच असल्याने दोन मिनिटांत पुन्हा दव. फुंकर तर मारूच नका, तोंडातली वाफ म्हणजे वरून आणखी पाणी. पुढे यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर तो काढा. आतली काच बऱ्याचदा कोरडी निघते आणि पाच-दहा मिनिटांचा वेळ मिळतो. तेवढ्यात हवा तो फोटो काढून घ्या. फिल्टर नसेल तर पट्टी सगळ्यात वरच्या पायरीवर करून कॅमेऱ्याचं तोंड खाली करा आणि पंधरा मिनिटं चहा प्या. गाडी जवळ असेल तर काचेचं धुकं घालवणारी कोरडी कोमट हवा चालते. चुलीजवळ मात्र नेऊ नका, धूर आणि काजळी दवापेक्षा चिवट.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे आणि ती मी दोनदा केली. लेन्स भिजली म्हणून कॅमेरा तंबूत आणला. तंबूत तिघं झोपलेले, तिघांचा श्वास, आत इतकी वाफ की छताच्या कापडावरून पाणी ठिबकत होतं. गार कॅमेरा तिथे नेल्याबरोबर लेन्सच काय, मागचा पडदा, व्ह्यूफाइंडर, सगळं घामाघूम. आत न्यायचाच असेल तर बाहेर असतानाच हवाबंद पिशवीत बंद करा, हवा दाबून काढा, आणि तापमान आतल्याइतकं होईपर्यंत, निदान अर्धा तास, उघडू नका. पाणी जमेल ते पिशवीच्या बाहेरून.

मोबाइलच्या नाइट मोडने काढणाऱ्यांनाही हेच लागू आहे. फक्त मोबाइल आतून गरम असल्याने त्याला दव उशिरा धरतं. त्याच्या काचेवर बहुतेकदा दव नसून बोटाचं तेल असतं.

किनाऱ्यावर, गुहागर-वेळासकडे, हीच लक्षणं दिसली आणि पट्टी चालू असूनही वलय जात नसेल, तर ते दव नाही. लाटांच्या तुषारातलं मीठ आहे. आडव्या टॉर्चमध्ये ते थेंबांसारखं न दिसता कोरडा पातळ पापुद्रा दिसतो. ते उष्णतेने जाणार नाही. आधी ब्लोअरने वाळूचे कण उडवा, मग लेन्सच्या द्रवाने हलकेच पुसा. उलटा क्रम केलात तर वाळू काचेवर घासली जाईल.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा मामांच्याच अंगणात होतो. दहाला पट्टी, सव्वादहाला व्याधावर फोकस, मग कॅमेऱ्याला आपोआप फोटो काढायला लावून मी झोपलो. सकाळी बघितलं: ४ वाजून ५ मिनिटांपर्यंत तारे टोकदार, सव्वाचारला वलय, साडेचारला लोकर. पॉवर बँक चारला संपली होती. कॅमेऱ्याची बॅग अंगणात उघडी राहिलेली, आतून बाहेरून चिंब. ती तशीच चेन लावून घरी आणली असती तर महिन्याभरात लेन्सवर बुरशीची जाळी धरली असती, म्हणून कॅमेरा टॉवेलात गुंडाळून आणला, दिवसभर पंख्याखाली ठेवला आणि सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात घातला. बॅग दोरीवर दोन दिवस वाळत होती. मोटारसायकल या वेळी आंब्याखाली लावली होती.